कोलकात्याचा दर, मुंबईचा दर

मनोहर सबनीस माणसांवर विश्वास ठेवत नसत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते विश्वास ठेवत, पण आधी चौकशी करून. आणि त्यांची चौकशी काही केल्या संपत नसे.

हा स्वभाव त्यांना बँकेने दिला होता, की या स्वभावामुळे बँकेने त्यांना कर्ज विभागात बसवलं होतं, हे आता सांगणं कठीण आहे. सोलापूरचा हा माणूस बढतीवर कोलकात्याला आला, बालीगंज स्टेशनच्या मागच्या गल्लीत आधी भाड्याने आणि मग स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहिला, आणि निवृत्त झाल्यावरही इथलाच होऊन गेला. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी एकच काम केलं. कुणी कर्ज मागितलं की त्याच्या दुकानाला किंवा कारखान्याला न सांगता भेट द्यायची. त्यातही त्यांची एक खास रीत होती. मालकाला काही विचारायचं नाही. समोरच्या दुकानदाराला विचारायचं, शेजारच्या चहावाल्याला विचारायचं, आणि मालक भेटलाच तर फक्त हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचं. या रीतीने त्यांनी बँकेचे कितीतरी पैसे वाचवले होते, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

निवृत्तीनंतर कर्ज मागणारं कोणी उरलं नाही, पण रीत उरली. गडियाहाटच्या बाजारात ते माशाचे कल्ले उचलून बघत, बोटाने दाबत, वास घेत, आणि हे सगळं झाल्यावर शेजारच्या कोळ्याला हळूच विचारत की याचा मासा आजचाच ना. घरी दूध, वीजबिल, लिफ्टचा खर्च, सगळ्यांची रीतसर तपासणी होई. एक शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधीच आला नाही. तो म्हणजे ‘निवृत्त’. कोणी विचारलं की ते म्हणत, “मी बँकेतला.” पेन्शन बँकच देते, मग यात खोटं काय, असा त्यांचा हिशेब होता.

अशा माणसाच्या मुलीने कॅमेरा ऑपरेटर पसंत केला.

मुग्धा सेक्टर फाइव्हमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. मुलगा तिला मराठी मंडळाच्या गणपतीत भेटला होता. शंतनु घोरपडे. वडील लष्करात, फोर्ट विल्यमला पोस्टिंग होतं, तेव्हा शंतनु शाळेत होता. वडील निवृत्त होऊन साताऱ्याला गेले, आणि तो टॉलीगंजच्या स्टुडिओत कामाला लागून इथेच राहिला. गणपतीचे दहाही दिवस त्याने मंडळाचं शूटिंग केलं आणि एक रुपयाही घेतला नाही. सबनीसांच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथेच. फुकट काम करणारा माणूस त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

एका रविवारी शंतनु घरी आला. सुलभाबाईंनी कोथिंबीर वड्या केल्या होत्या. मुलगा उंच, सावळा, उजवा खांदा जरा झुकलेला. बोलताना समोरच्याकडे बघत होता, आणि त्याचं बघणं जरा जास्तच स्थिर होतं. सबनीसांना तेही खटकलं.

दोन वड्या पोटात गेल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. “या कामात मिळतात किती?”

“शिफ्टवर असतं, काका,” शंतनु म्हणाला. “मी जिथे काम करतो तिथे ऑपरेटरला शिफ्टचे अडीच हजार देतात. कधी महिन्याला वीस-बावीस दिवस काम असतं, कधी पंधरा. जाहिरात मिळाली तर जास्त सुटतात. सिरियल बंद पडली तर मात्र काहीच नाही.”

सबनीसांनी तिसरी वडी उचलली. लग्नाचा मुलगा असो की कर्ज मागणारा, आपली कमाई फुगवून सांगतो, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यातून किती वजा करायचं याचाही त्यांना सराव होता. या पोराने मात्र ‘काहीच नाही’ हेही स्वतःच सांगून टाकलं होतं. आता वजा कशातून करायचं?

“कमी सांगणारा माणूस जास्त डांबरट,” मुलगा गेल्यावर ते सुलभाबाईंना म्हणाले. “आयकरवाल्यांना विचार हवं तर.”

“त्याला काय तुमच्याकडे आयकर भरायचाय?” सुलभाबाई म्हणाल्या, आणि उरलेल्या वड्या डब्यात भरू लागल्या.

सबनीसांनी मुंबईला फोन लावला. त्यांचा भाचा सलील गोरेगावात एका निर्मिती संस्थेचे हिशेब बघायचा. मामाचा फोन म्हणजे उलटतपासणी हे त्याला माहीत होतं, त्यामुळे तो सावरूनच बोलला.

“आमच्याकडे त्याच कामाला सहा-सात हजार देतात, मामा. तास वाढले तर वरचे वेगळे. पण त्यातही फरक असतो. तोच माणूस हिंदी सिरियलला गेला तर एक दर, मराठीला गेला तर कमी. हैदराबादला बरे मिळतात. गुवाहाटी, भुवनेश्वरकडे कोलकात्याहूनही कमी.”

“काम तेच?”

“तेच.”

“कॅमेरा तोच?”

“कॅमेराही तोच, मामा. आमचं युनिट तुमच्याकडे शूटिंगला आलं ना, की एक ऑपरेटर इथून नेतात आणि दुसरा तिथला घेतात. शेजारी शेजारी उभे असतात दोघं. एकाला मुंबईचा दर आणि हॉटेल, दुसऱ्याला कोलकात्याचा दर आणि बसचं भाडं.”

“आणि तो कोलकात्याचा गप्प बसतो?”

“बोलला तर पुढच्या वेळी बोलावत नाहीत.”

फोन ठेवून सबनीस बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खालून लोकलचा आवाज येत होता. त्यांना हे पटेचना. बँकेत काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत अधिकाऱ्याचं मूळ वेतन एकच. घरभाडं इकडेतिकडे होईल, पण माणसाची किंमत गाव बघून अर्ध्यावर येत नाही. समजा येत असेल, तर मग सरळ प्रश्न आहे. दुपटीहून जास्त मिळत असताना, मराठी येत असताना, हा पोरगा अर्ध्या पैशात इथे का बसलाय?

एक तर तो दर खोटा सांगतोय. नाही तर त्याच्या हातात कसब नाही आणि मुंबई त्याला दारात उभी करत नाही. आणि ही दोन्ही कारणं खोटी असतील, तर मग त्याला इथे कशाने तरी बांधून ठेवलं आहे. कर्जाने किंवा बाईने. अख्ख्या नोकरीत सबनीसांना या दोहोंपलीकडे माणसाला बांधणारं काही सापडलं नव्हतं.

“तुम्हालाही मुंबईची बदली मिळत होती,” सुलभाबाई म्हणाल्या. “चांगली बढतीवर. तुम्ही का नाही गेलात?”

“माझी गोष्ट वेगळी.”

“काय वेगळी? तुम्हाला इथला इलिश मासा सोडवेना.”

सबनीसांनी या प्रश्नाची नोंद घेतली नाही. पुढच्या रविवारी शंतनु आला तेव्हा त्यांनी त्याला थेटच विचारलं, की मुंबईला का जात नाहीस.

“इथे बरं चाललंय, काका,” तो म्हणाला, आणि क्षणभर मुग्धाकडे बघून पुन्हा चहाकडे वळला. मुग्धा उठून आत गेली.

सबनीसांनी ती नजर टिपली. दोघांनी मिळून काहीतरी लपवलंय, आपल्या मुलीलाही त्याने त्यात ओढलंय, हे त्यांना स्वच्छ दिसलं. त्या रात्री त्यांनी कपाटातून जुनी काळी फाईल काढून पुसून ठेवली.

चार दिवसांनी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते मेट्रोने टॉलीगंजला गेले.

स्टुडिओच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. सबनीस आधी तिथे गेले, कारण रीत म्हणजे रीत. मातीच्या भांड्यातला चहा घेत त्यांनी घोरपडेबद्दल विचारलं. चहावाला म्हणाला, “शंतनुदा? रोज येतो.” उधारी आहे का? नाही. त्याला शोधत कोणी येतं का? चहावाल्याने किटली धुता धुता त्यांच्या फाईलकडे पाहिलं आणि म्हणाला की त्याला काही ठाऊक नाही.

ठाऊक नाही म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय, हे सबनीसांना कुणी सांगायला नको होतं. ते फाटकाकडे वळले. दरवानाने अडवलं तेव्हा “बँकेतून आलोय” एवढं पुरलं. बँकेचं नाव घेतलं की या देशात कुठलंही फाटक उघडतं, असं त्यांना पुन्हा एकदा वाटलं आणि बरंही वाटलं.

आत सगळा व्यवहार बघणारे हालदारबाबू भेटले. एकाच वेळी दोन फोनवर बोलणारे गोल चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी फाईल पाहिली आणि दोन्ही फोन खाली ठेवले.

“आपनि ब्यांकेर लोक?” त्यांनी विचारलं.

“हां, ब्यांकेर,” सबनीस ताठ बसत म्हणाले.

मग निम्म्या बंगालीत आणि निम्म्या हिंदीत त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. घोरपडे इथे किती वर्षं आहेत? पैसे वेळेवर मिळतात का? ते उचल घेतात का? कुठले हप्ते चालू आहेत, काही कल्पना? पैशासाठी त्यांना शोधत कोणी येतं? सबनीसांना आपल्या आवाजात जुनी धार आल्यासारखी वाटली. हालदारबाबू आधी भरभरून बोलत होते. छेले भालो, म्हणाले, पोरगा चांगला आहे, हात स्थिर आहे, मुंबईवाल्यांनी दोनदा बोलावलं तरी गेला नाही. का नाही गेला? ते काय माहीत, कुठेतरी अडकलेला असेल. पण पुढच्या प्रश्नांना त्यांची उत्तरं आखूड होत गेली. शेवटी तर ते फक्त मान हलवत होते आणि टेबलावरची पेन्सिल फिरवत होते. सबनीसांनी याचा अर्थ लावला की आपण नेमक्या जागी बोट ठेवलंय.

जाताना त्यांना शूटिंगच्या हॉलचं दार अर्धवट उघडं दिसलं. आत एका मोठ्या घराचा दिवाणखाना उभा केलेला होता. आवाज नको म्हणून पंखे आणि एसी बंद होते आणि दारापर्यंत उकाडा येत होता. शंतनु कॅमेऱ्याला डोळा लावून वाकला होता. समोर एक बाई रडत होती आणि तो तिच्याबरोबर हळूहळू सरकत होता. घाम त्याच्या मानेवरून शर्टात उतरत होता, पण तो पुसायलाही त्याचा हात कॅमेऱ्यावरून हलला नाही. कसब नाही म्हणून मुंबई घेत नाही, हे कारण तिथल्या तिथे बाद झालं. दराबद्दलही हालदारबाबूंनी तोच आकडा सांगितला होता. म्हणजे उरलं तिसरं कारण. सबनीस समाधानाने घरी परतले.

“तो कुठेतरी अडकलाय,” त्यांनी सुलभाबाईंना सांगितलं. “त्याचा माणूसच बोलला.”

“कुठे अडकलाय?”

“तेच शोधायचंय.”

मुग्धाने त्या आठवड्यात लग्नाचं विचारलं, तेव्हा त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. थोडी चौकशी बाकी आहे, एवढंच म्हणाले. मुग्धा हसली. बाबांची चौकशी म्हणजे काय असते ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. शाळेच्या सहलीच्या बसचं टायरही त्यांनी वाकून पाहिलं होतं.

मग एका संध्याकाळी मुग्धा कामावरून उशिरा आली. पानावर बसली, पण भाताला हात लावला नाही.

“शंतनुला काढलं,” ती म्हणाली. “नवी सिरियल चालू होतेय ना, त्याच्यात तोच होता. हालदारबाबूंनी दुसऱ्याला घेतलं. आणि आता कोणीच त्याला बोलवत नाही. टॉलीगंजमध्ये सगळे बोलतायत की त्याच्यावर कर्ज आहे. बँकेचा माणूस आला होता म्हणे स्टुडिओत, वसुलीला.”

सबनीसांचा चेहरा उजळला. खरं सांगायचं तर इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

“बघ,” ते म्हणाले. “मी म्हणतच होतो. काहीतरी आहे म्हणून.”

“काही नाहीये, बाबा. त्याने एक पैसा कर्ज घेतलेला नाही. तो सगळ्यांना सांगतोय, पण जेवढं सांगतो तेवढं लोकांना वाटतं की खरंच आहे. मागे एकाने कर्ज फेडायला कंपनीची लेन्स विकली होती. तेव्हापासून कर्ज असलेल्या माणसाच्या हातात कोणी कॅमेरा देत नाही.”

“बरोबरच आहे त्यांचं. धूर निघाला म्हणजे काहीतरी जळत असणार. बँक उगीच माणूस पाठवत नाही. कुठली बँक?”

“ते नाही माहीत.”

“कधी आला होता?”

“झाले असतील पंधरा-वीस दिवस.”

“काय विचारलं त्याने?”

“उचल घेतो का. हप्ते आहेत का. त्याला शोधत कोणी येतं का.”

सबनीसांचा घास हातातच राहिला. प्रश्न ओळखीचे होते. पण इतक्या वर्षांची सवय अशी एका क्षणात थांबत नाही. पुढचा प्रश्न तोंडातून गेलाच.

“दिसायला कसा होता?”

“म्हातारा होता, म्हणे. पांढरा शर्ट, हातात काळी फाईल. हिंदी मिसळून बांगला बोलत होता.”

सुलभाबाईंनी वाढता वाढता डाव भांड्यात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. सबनीस ताटाकडे बघत होते. मुग्धा मात्र कोणाकडेच बघत नव्हती. पांढरा शर्ट आणि काळी फाईल घेतलेले म्हातारे कोलकात्याच्या प्रत्येक बसमध्ये सापडतात. त्यातला एक आपला बाप असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. संशय घेण्याचं खातं या घरात एकट्या बापाने सांभाळलं होतं.

ती झोपायला गेल्यावर सुलभाबाई एवढंच म्हणाल्या, “उद्या जा आणि सांगून या. आणि ती फाईल घरी ठेवा.”

सबनीस दुसऱ्या दिवशी गेले. फाईल नव्हती, शर्टही निळा होता. हालदारबाबूंनी त्यांना लगेच ओळखलं आणि बसायला सांगितलं, पण या वेळी चहा मागवला नाही.

“माझी चूक झाली,” सबनीस म्हणाले. “मी बँकेचा नाही. म्हणजे होतो. निवृत्त झालोय.” तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आला, आणि तो असा आला. “घोरपडेवर काही कर्ज नाही. तो माझा होणारा जावई आहे.”

हालदारबाबू मंद हसले. पेन्सिल फिरवत त्यांनी सबनीसांकडे शांतपणे पाहून घेतलं. असं आपण कित्येकांकडे पाहिलंय, हे सबनीसांच्या लक्षात आलं.

“दादा,” ते म्हणाले, “होणारा सासरा हप्ते विचारत येत नाही. तुम्ही तेव्हा म्हणालात बँकेचा, आज म्हणता सासरा. उद्या काय म्हणाल? पैसे भरले असतील त्याने, म्हणून तुम्ही आज सारवासारव करायला आलात. चांगलंय. पण मला माझा कॅमेरा सांभाळायचाय.”

सबनीसांनी ओळखपत्र दाखवलं, पेन्शनचं कार्ड दाखवलं, मुग्धाचा फोटो दाखवला. जितकं दाखवत गेले तितका समोरचा माणूस जास्त सावध होत गेला. घोरपडेलाच बोलावून विचारा, असं ते शेवटी म्हणाले. हालदारबाबू म्हणाले, विचारलं होतं. तो म्हणाला, कोण माणूस आला होता मला ठाऊक नाही.

परतीच्या मेट्रोत सबनीसांना जागा मिळाली, तरी ते उभेच राहिले. आपण खरं बोलत असताना समोरच्याने विश्वास ठेवला नाही तर माणसाचं काय होतं, हे त्यांनी आजवर टेबलाच्या दुसऱ्या बाजूनेच पाहिलं होतं. त्यांना भयंकर अपमान वाटला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना.

त्या महिन्याच्या शेवटी शंतनु घरी आला. मुंबईला एका हिंदी सिरियलवर काम मिळालं होतं, तेवढं सांगायला. मुग्धाने कंपनीकडे ठाण्याच्या ऑफिसात बदली मागितली होती, आणि लग्नाची तारीख काढायची होती. मुग्धा आणि सुलभाबाई स्वयंपाकघरात होत्या. सबनीस त्याला बाल्कनीत घेऊन गेले आणि दार लोटून घेतलं.

“शंतनु,” ते म्हणाले, “तो बँकेचा माणूस मी होतो.”

“माहीत आहे, काका.”

“कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. तुम्ही दारात उभे होतात. मी शॉट घेत होतो, कडेला दिसलात.”

सबनीसांना वाटलं, आता हा बोलेल, आणि त्याने बोलावंच. पण तो खाली रुळांकडे बघत उभा राहिला.

“मग हालदारला का नाही सांगितलंस? तुझं काम राहिलं असतं.”

“राहिलं असतं. पण टॉलीगंजात एकाला सांगितलं की सगळ्यांना कळतं, आणि दोन दिवसांत मुग्धाच्या कानावर आलं असतं.” तो सबनीसांकडे वळला. “तुम्ही माझी चौकशी केलीत, त्यावर ती हसली असती, काका. पण माझं काम गेलं म्हटल्यावर ती हसली नसती. तिने तुमच्याशी बोलणं सोडलं असतं. आणि तुमच्यासाठी तर ती इथे राहिली होती.”

“माझ्यासाठी?”

“मुंबईचं मला दोनदा आलं होतं. ती म्हणाली, आईबाबांना टाकून मी येणार नाही. बाबांचं इथे कोणाशी पटत नाही, बाजारवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणावर त्यांचा भरवसा नाही, मी गेले तर ते कोणाचं ऐकतील? म्हणून मी नाही गेलो.”

सबनीस कठडा धरून उभे राहिले. दोन दरांमधला तो फरक, ज्याच्या मागे ते फाईल घेऊन हिंडले होते, तो इतके दिवस हा पोरगा त्यांच्यासाठी सोसत होता. दर शिफ्टला. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बसावंसं वाटलं, पण बाल्कनीत खुर्ची नव्हती.

“मी तिला सांगतो,” ते म्हणाले.

“नका सांगू, काका. आता तिकडे जातोच आहोत आम्ही. जाताना तरी तिला चांगलं वाटू दे.”

मग दार उघडलं आणि मुग्धा चहा घेऊन आली. तिने बाबांच्या हातात कप दिला आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

“बाबा, तुम्हीच बरोबर होतात,” ती म्हणाली. “तुम्ही आधीपासून म्हणत होतात, मुंबईला दुप्पट मिळतात म्हणून. मीच त्याला अडवून ठेवलं. आधीच तुमचं ऐकलं असतं तर त्याला हे सगळं बघायला लागलं नसतं.”

सबनीसांनी शंतनुकडे पाहिलं. तो चहावर फुंकर घालत होता. वर बघितलंच नाही त्याने.

“हो,” सबनीस म्हणाले. “दर चांगला आहे तिकडे.”

लग्न मंडळाच्या हॉलमध्ये झालं आणि दोघं मुंबईला गेली. सबनीस अजून बालीगंजलाच आहेत. बाजारात ते आता मासा फार निरखत नाहीत, कोळी देईल तो घेतात, आणि सुलभाबाईंना त्याची काळजी वाटते. सगळी सवय काही सुटलेली नाही. सुलभाबाई सोडल्या तर जगातला एकच माणूस त्यांची लेक त्यांच्यापासून तोडू शकतो, आणि त्याच्याबद्दल ते कोणाकडेही चौकशी करू शकत नाहीत. ‘नका सांगू’ म्हणालेला तो स्वतःही तिला कधी सांगणार नाही, एवढंच धरून त्यांना उरलेलं आयुष्य काढायचंय. काही दिवस ते जमतं, काही दिवस जमत नाही.

दर रविवारी सकाळी मुग्धाचा फोन येतो. सुलभाबाई तो आधी सबनीसांच्या हातात देतात. पलीकडून ती “बाबा” म्हणते, मग ठाण्याचं ऊन, ऑफिस, शंतनुची रात्रीची शिफ्ट असं सगळं सांगू लागते. सबनीस त्यातलं फारसं ऐकत नाहीत. पहिल्या “बाबा”मधला तिचा आवाज मागच्या रविवारसारखाच आहे ना, एवढं ते कान देऊन ऐकतात, आणि मग खुर्चीत बसतात.